वैराटचे जोते

कापूस वेचून झाला तसे आमचे हे म्हणाले, "चल, चिखलदरा पाहून येऊ." लग्नाला २८ वर्षे झाली, पण लग्नकार्य नि मयत सोडून आम्ही दोघे मिळून कुठे गेलो नव्हतो. गोठा जाऊबाईंवर सोपवला, मोटारसायकल काढली आणि परतवाड्याहून घाट चढलो.

साडेतीन हजार फुटांहून उंच ठिकाण ते! सावलीत वाढणारी कॉफीची झुडपे मी प्रथमच पाहिली.

दुसऱ्या दिवशी जिप्सीने गुगामल राष्ट्रीय उद्यानाच्या अंगाने वैराटला गेलो. मेळघाटात १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. पुढे वाघांसाठी जंगलातली काही गावे बाहेर हलवली, त्यांत वैराटही गेले. गाडीतली मंडळी वाघ शोधत होती. ह्यांचे लक्ष मात्र गवतातल्या दगडी जोत्याकडे. "इथं गोठा असणार बघ." पलीकडे गवे चरत होते.

मी गाडीवाल्याला विचारले, "दादा, त्यांच्या गुरांचं काय झालं हो?"

"मोबदला मिळाला, ताई. नव्या जागी शाळा, दवाखाना जवळ. गुरं बरीच विकली."

वाघ दिसला नाही. हे गावात येईपर्यंत गप्पच. मग गवळ्याच्या दुकानी थांबून रबडी घेतली, आणि त्याला विचारत बसले, म्हशी किती, वैरण कुठून आणता.