वडापाववर टॅक्स?

कॅन्टीनमध्ये कोणी "जाड्यांवर टॅक्स लावला पाहिजे" असं म्हटलं की आमच्या ग्रुपची नजर आपोआप माझ्याकडे वळते. वजन ९२ किलो, उंची पाच फूट सात इंच. बीएमआय काढायला मला कॅल्क्युलेटर लागत नाही, कन्नमवार नगरातल्या आमच्या बिल्डिंगचे चार जिने चढले की तो कळतो!

पण मित्रांनो, गंमत बाजूला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे निघाले. म्हणजे चारांत एक. आमच्या घरात तर चारांत दोन! बाबांना डायबिटीस आहे. शिफ्ट सुटली की विक्रोळी स्टेशनजवळच्या गाडीवर एक वडापाव आणि कटिंग, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. डॉक्टर म्हणतात बंद करा. बाबा म्हणतात, "आठ तास मशीनवर उभा राहिल्यावर तेवढ्या पैशात पोट भरणारं दुसरं काही दाखवा, उद्यापासून बंद." यावर डॉक्टरांकडे उत्तर नसतं, आईकडेही नसतं.

म्हणून हा 'फॅट टॅक्स' माझ्यासाठी नुसता वादविवाद स्पर्धेचा विषय नाही. उद्या तो लागलाच तर आधी कोणाच्या खिशातून जाणार? आणि बाबांची साखर त्याने खरंच उतरेल का?

आपल्या देशात हा प्रयोग एकदा झालाय. २०१६ साली केरळने बर्गर, पिझ्झा वगैरेंवर १४.५ टक्के कर लावला. पण कोणाकडच्या? ब्रँडेड रेस्टॉरंटमधल्या. शेजारच्या टपरीवर तितक्याच तेलात तळलेली पळंपोरी मात्र सुटली. कर चरबीवर नव्हताच, तो दुकानावरच्या पाटीवर होता. आपल्या भाषेत सांगायचं तर तापमान मोजायचंय आणि सेन्सर बसवलाय भलत्याच पाइपवर! पुढच्याच वर्षी जीएसटी आला आणि तो कर त्यात विरून गेला.

डेन्मार्कने सेन्सर नीट बसवला. ऑक्टोबर २०११ पासून सॅच्युरेटेड फॅटच्या दर किलोमागे १६ क्रोनर. झालं काय, तर लोक लोणी घ्यायला शेजारच्या जर्मनीत जाऊ लागले. जानेवारी २०१३ मध्ये सरकारने कर गुंडाळला. आपल्याकडे ती भीती नाही. खाडी ओलांडून ऐरोलीला गेलात तरी जीएसटी तोच. पण आपल्याकडची सरहद्द वेगळी आहे. पाकिटातलं महाग झालं की माणूस सुट्ट्याकडे वळतो. आणि वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या गाडीवाल्याला जीएसटी नोंदणीच लागत नाही. म्हणजे वडापाववर कर लावायचा म्हटला तरी तो वसूल करणार कोण?

मग टॅक्स हा प्रकारच फालतू का? नाही! मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरला एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षी खप सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास घटला, आणि गरीब घरांत त्याहून जास्त. म्हणजे कराचा चिमटाही गरिबाला आणि फायदाही गरिबालाच. कारण कोल्ड्रिंकला फुकटात पर्याय आहे: पाणी. बाबांच्या वडापावला तितका सोपा पर्याय नाही. फरक इथे आहे.

मला सगळ्यात आवडलेलं डिझाइन ब्रिटनचं. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी कर लावला, पण साखरेच्या पायऱ्या करून: १०० मिलीमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर शून्य, ५ च्या वर थोडा, ८ च्या वर जास्त. कर लागू होण्याच्या आधीच कंपन्यांनी फॉर्म्युले बदलून साखर उतरवली. गिऱ्हाइकाला उपदेश नाही, बंदी नाही, नुसता फीडबॅक लूप! आणि तो खाणाऱ्याला नाही, तर बनवणाऱ्याला जोडलेला.

आता आपलं बघा. गोड फसफसत्या पेयांवर २०१७ पासून सेस धरून ४० टक्के कर आहे. सप्टेंबर २०२५ च्या फेरबदलानंतरही ४०च. पण १०० मिलीत १० ग्रॅम साखर असो, ४ असो की 'डाएट' म्हणून शून्य असो, दर तोच. मग कंपनीने साखर कमी कशाला करावी? त्याच फेरबदलात पाकीटबंद फरसाण, बिस्किटं, चॉकलेट, आइस्क्रीम हे सगळं ५ टक्क्यांवर आलं. एका हाताने ब्रेक, दुसऱ्या हाताने अॅक्सिलरेटर!

बरं, खुद्द सरकार काय वाढतं? २०२२ च्या दिवाळीत आपल्या राज्याने 'आनंदाचा शिधा' दिला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. सणाला ते मिळालं हे चांगलंच झालं, आमच्या चाळकरी नातेवाइकांच्या चकल्या त्यावरच झाल्या. पण स्वस्त करायची वेळ आली की आपल्याला साखर आणि पामतेलच का सुचतं? आमच्या घरात चौघांना महिन्याला पाच लिटरचा डबा लागतो, म्हणजे माणशी रोज ४० मिलीच्या वर तेल. यातलं कुठलंच तेल 'जंक फूड'च्या व्याख्येत बसत नाही.

तर माझं मत स्पष्ट आहे. टॅक्स लावा, पण पदार्थाच्या नावावर नको, ग्रॅमवर लावा. जिथे कारखाना आहे, पाकीट आहे, छापील प्रमाण आहे, तिथे साखर, मीठ, चरबी मोजा आणि पायऱ्या करा. जो कमी करेल त्याला सूट द्या. गाडीवाल्याच्या मागे लागू नका. आणि जमलेला पैसा तिजोरीत न टाकता शिफ्ट सुटण्याच्या वेळी, कंपनीच्या गेटबाहेर, वडापावच्याच भावात उसळ-पोळी किंवा दोन केळी आणि मूठभर चणे मिळतील अशा गाड्यांसाठी वापरा. मग बाबांना दाखवायला माझ्याकडे काहीतरी असेल.

तोवर महाग केलेला वडा बाबांची साखर उतरवणार नाही, फक्त त्यांचं पाकीट हलकं करेल. आणि वजन कमी व्हायला हवं ते पाकिटाचं नाही!