नुसते बसण्यासाठी

गौलीगुड्यात राहणाऱ्या माणसाला विश्रांतीची व्याख्या विचारू नये. नावावरून पाहता ही एके काळची गवळ्यांची वाडी. परंतु गाईच्या गळ्यातील घंटेपेक्षा येथे बसगाडीचा भोंगाच आम्ही अधिक ऐकला. विमानांसाठी घडविलेल्या ज्या अवाढव्य लोखंडी छपराला सारे शहर ‘मिसिसिपी हँगर’ म्हणे, त्याखाली अनेक दशके बसगाड्या उभ्या राहत. ते छप्पर २०१८ च्या जुलैत कोसळले. गोंगाट मात्र शाबूत आहे. हनुमानजयंतीची मोठी मिरवणूक निघते तीही येथल्याच राममंदिरापासून. अशा वस्तीत वाढलेल्या आम्हांस समुद्रकाठी जाऊन आठवडाभर ‘नुसते बसावे’ असे वाटले, हे आप्तेष्टांना प्रकृती बिघडल्याचे लक्षण वाटले असल्यास नवल नाही.

आपल्या मराठी घरांतून प्रवास होतो तो देवासाठी, लग्नकार्यासाठी, नाहीतर दुखण्यासाठी. दुखण्यासाठी आपल्याकडे ‘हवापालट’ असा सुरेख शब्दही आहे. निजामी अमदानीपासून हैदराबादकर त्यासाठी विकाराबादेजवळच्या अनंतगिरीस जात आले. परंतु धडधाकट माणसाने, कोणतेही क्षेत्र न करता, केवळ बसण्यासाठी पैसे खर्चून दूर जावे, या गोष्टीला आपल्या भाषेत अजून प्रतिष्ठित शब्द नाही.

गरज आमची नव्हती, सौभाग्यवतींची होती. आमच्या मातोश्री सहा वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे, आणि रात्रीच्या पाळ्या बहुतांशी सौभाग्यवतींनी सांभाळल्या. मातोश्री गेल्या. वर्षश्राद्ध झाले. तरी सौभाग्यवती रात्री दोन वाजता उठतच राहिल्या. उठायच्या, रिकाम्या खाटेपाशी जायच्या, पांघरूण सारखे करायच्या आणि परत यायच्या. डॉक्टरांना दुखणे काही सापडले नाही. “यांना घराबाहेर विश्रांती द्या,” एवढेच ते म्हणाले.

मग सुरू झाली ठिकाणांची निवड. गोकर्ण, गणपतीपुळे, पुरी ही सारी समुद्रकाठची नावे एकामागून एक पुढे आली आणि त्याच क्रमाने बाद झाली; कारण प्रत्येक ठिकाणी देऊळ आहे. देऊळ आले की पहाटेची आंघोळ आली, रांग आली, नैवेद्य आला. गोव्यात आमचे नातेवाईक आहेत, एवढे सांगितले तरी वाचकांस पुरे. लक्षद्वीपला जाण्यास आधी परवाना काढावा लागतो. उरले अंदमान.

येथे आमच्या थोरल्या मावसबंधूंनी हरकत घेतली. “अंदमानात विश्रांती? अरे, ते तीर्थ आहे, तिथे लोळायला जातात का?” हरकत फेटाळण्यासारखी नव्हती. मराठी माणसाच्या मनात अंदमान म्हणजे कोठडी आणि कोलू. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ साली तेथे उतरले ते १९२१ पर्यंत तेथेच होते. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून. शिवाय आम्हां गौलीगुडेकरांचे त्या बेटांशी आणखी एक नाते आहे, ते फारसे कोणी सांगत नाही. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कोठीची जुनी रेसिडेन्सी आहे. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाजखान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी रोहिल्यांना घेऊन तिच्यावर हल्ला चढविला. तुर्रेबाजखान पुढे मारले गेले. मौलवींची रवानगी काळ्या पाण्यावर झाली आणि तेथेच त्यांचा अंत झाला. सेल्युलर जेल तेव्हा बांधलेही नव्हते. त्याचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळातले. ज्या रस्त्याने आम्ही रोज शाळेस जातो, त्या रस्त्यावरून अंदमानची वाट इतकी जुनी आहे.

तेव्हा तोडगा असा निघाला, की पहिला दिवस त्या वास्तूचा. एकच दिवस, परंतु पुरता. आणि त्यानंतर ती गोष्ट समुद्रकाठच्या दिवसांत मिसळायची नाही. आम्हांस वाटते, हेच योग्य आहे. सकाळी कोठडी आणि दुपारी काचेच्या तळाची बोट असा कार्यक्रम करणाऱ्यांपाशी धड ना दुःख राहते, ना सुख.

प्रवासी कंपनीने दिलेला कागद मात्र वाचण्यासारखा होता. सहा दिवसांत तेरा स्थळे. आम्ही शाळामास्तर, तांबडी शाई काढली. स्वराज द्वीपावरचा, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवरचा, राधानगर किनारा २००४ साली ‘टाइम’ मासिकाने आशियातील सर्वोत्तम ठरविला. अर्थात तेथे जग लोटते, खोडला. पाण्याखालची बुडी, स्वयंचलित होड्या, चुनखडीच्या गुहा, सारे खोडले. शेवटी कागदावर राहिले फक्त शहीद द्वीप. पूर्वीचे नाव नील. डिसेंबर २०१८ मध्ये नावे बदलली. अवघे सुमारे १४ चौरस किलोमीटरचे बेट. पोर्ट ब्लेअरहून, २०२४ पासून ज्याला श्री विजयपुरम म्हणतात तेथून, बोटीने दीड-दोन तास. ठरविले, की पाच रात्री एकाच बेटावर, एकाच खोलीत राहायचे. ज्याला विश्रांती हवी त्याने प्रवासात पिशवी दोनदा भरू नये, हा आमचा अनुभवाचा नियम आहे. परतीच्या आधी शहरात एक रात्र मोकळी ठेवली, कारण समुद्र खवळला तर बोटी सुटत नाहीत, आणि विमान कोणासाठी थांबत नाही.

काळ कोणता निवडावा? मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तेथे नैऋत्य मोसमी पाऊस, आणि त्यानंतर ईशान्येचा. समुद्र शांत आणि आकाश मोकळे असते ते जानेवारी ते एप्रिल. शाळेला संक्रांतीची सुट्टी, तिला रजेचे दोन दिवस जोडले. “आणि हळदीकुंकू?” हा प्रश्न आलाच. परंतु हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते. शास्त्राने एवढी सवलत बहुधा आमच्यासारख्यांसाठीच ठेवली असावी. तिळगुळाचा डबा तेवढा सामानात गेला.

हैदराबादहून विमानाने अडीच तासांच्या आतबाहेर. तुरुंगाच्या सात पाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. १९७९ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. सावरकरांच्या कोठडीसमोर आम्ही उभयता बराच वेळ उभे राहिलो आणि बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बोट धरली.

बेटावर प्रथम घोटाळा झाला तो घड्याळाचा. आपले घड्याळ ८२॥ रेखांशावरच्या सूर्याने चालते. अंदमान त्याच्या पूर्वेस दहा अंशांवर, गौलीगुडा पश्चिमेस चार अंशांवर. तेव्हा तेथे माध्यान्ह आपल्यापेक्षा सुमारे तासभर आधी होते. संक्रांतीच्या सुमारास सव्वापाचलाच सूर्य बुडतो. साडेसातला डोळे मिटू लागतात आणि पावणेसहाला उजाडते. विश्रांतीचा अर्धा भार सूर्यच उचलतो. उरलेला भार भरती-ओहोटी उचलते. ओहोटीला भरतपूरच्या किनाऱ्यावर पाणी इतके मागे सरते की प्रवाळांचे खडक उघडे पडतात. तेव्हा पोहणे नाही, बसणे. भरतीची वेळ दररोज जवळजवळ पन्नास मिनिटांनी पुढे जाते. एवढे एकच वेळापत्रक आम्ही पाळले. (प्रवाळावर पाय देऊ नये, तो दगड नव्हे, जीव आहे. प्रवाळ उचलून आणण्यासही कायद्याने बंदी आहे. वाळूत उघड्या अंगाने पडू नये, बारीक वाळूमाशा चावतात. आणि मगरीच्या सूचनेचा फलक दिसला तर तो शोभेसाठी नाही असे समजावे.)

पहिले दोन दिवस सौभाग्यवतींना बसता आले नाही. त्यांनी खोलीतील चादरी पुन्हा घातल्या, टॉवेल घडी करून ठेवले. तिसऱ्या दिवशी त्या मागच्या परसात जाऊन बसल्या, तर यजमानांच्या वृद्ध आई भाजी निवडत होत्या. ह्यांनीही जुडी ओढून घेतली. हे बेट भाजीचे आगर आहे, आसपासच्या बेटांना येथून भाजी जाते. वस्ती बहुतेक पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांची. त्या आजींनी मोडक्या हिंदीत सांगितले, की लहानपणी येथे जंगल तोडून शेत केले तेव्हा समुद्राकडे पाहायला कोणाला सवड होती! आता लोक इतक्या लांबून तो पाहायला येतात, याचे त्यांना हसू येई. “तुम्ही तरी बघा,” असे म्हणून त्यांनी सौभाग्यवतींच्या हातची जुडी काढून घेतली.

तो दिवस संक्रांतीचा होता. बंगाल्यांची पौष संक्रांत तीच. आमच्या डब्यातला तिळगूळ तिकडे गेला आणि नारळ-गुळाचे सारण भरलेले पिठे इकडे आले.

त्या रात्री सौभाग्यवती दोन वाजता उठल्या, हे आम्हांस ठाऊक आहे, कारण आम्हीही जागे होतो. त्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. खाट नव्हती, पांघरूण नव्हते. ओहोटीचा आवाज होता. बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाल्या, “अहो, सासूबाईंना समुद्र दाखवायचा राहिला.” त्यानंतरच्या दोन रात्री त्या उठल्या नाहीत. दुपारीही गाढ झोपल्या. आम्ही लक्ष्मणपूरच्या वाळूत बसून मावळता सूर्य पाहिला, सीतापूरला एकदा उगवता पाहिला, आणि ज्याला लोक नैसर्गिक पूल म्हणतात तो दगडी कमानीचा पूल पाहायला गेलो नाही.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी आमच्या घरी हळदीकुंकू झाले. गौलीगुड्यातल्या व सुलतानबाजारातल्या बायका आल्या. “काय काय पाहिलंत?” असे त्यांनी विचारले. सौभाग्यवती म्हणाल्या, “भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर.” दोघीतिघींनी हात जोडले. एका वयस्क बाईंनी प्रसाद मागितला, तेव्हा सौभाग्यवतींनी डब्यात उरलेला तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवला.