पोरं डेकवर, आईबाप बुफेवर

पिशोरातून कुणी परगावी निघालं की गाव आधी चौकशी करतं, मग सल्ला देतं. स्टँडवर माझा एक जुना विद्यार्थी टेम्पोत अद्रकीची पोती चढवत होता. हात पुसत जवळ आला. "बाई, तुम्ही जहाजात चाल्ले म्हणं? शाहरुखच्या पोराला धरलं होतं, तेच का?" ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबईत क्रूझवर छापा पडला आणि त्या मुलाला अटक झाली, हे पिशोरला तोंडपाठ. मे 2022 मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून आरोपपत्रात त्याचं नावच आलं नाही, ही बातमी मात्र अजून आमच्या फाट्यावरच थांबलेली दिसली. मी त्याला ती सांगितली. तो म्हणाला, "तरी जपून जा बाई."

धाकटा भाऊ हिंजवडीत नोकरीला. दिवाळीच्या सुट्टीत त्याने मुंबई-गोवा-मुंबई अशी क्रूझ ठरवली आणि निवृत्त बहिणीलाही त्यात धरलं. गावात मक्याची कणसं खुडण्याची धांदल, अंजना नदीला अजून पाणी, आणि मी चार पातळं घेऊन रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसमध्ये. सकाळी सीएसएमटी, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर. भाऊ, भावजय, पंधरा वर्षांचा भाचा आणि आठ वर्षांची भाची पुण्याहून येऊन थांबलेले.

टर्मिनलवर सगळा विमानतळासारखा थाट. बॅगांना पट्ट्या लागून त्या परस्पर खोलीत जातात, आपल्या हातात एक कार्ड येतं. ते कार्ड म्हणजे खोलीची किल्लीही आणि खर्चाचं पाकीटही. रांगेत आमच्यापुढे असलेल्या गृहस्थांनी तोवर मुलाचं मनगट घट्ट धरलेलं होतं. जहाजाच्या दारातून आत पाऊल पडलं आणि त्यांनी ते सोडून दिलं. मुलगा दिसेनासा झाला. बायकोने विचारलं, "अहो, तो कुठे गेला?" ते म्हणाले, "जाईल कुठे? चारी बाजूंनी पाणी तर आहे!"

हे वाक्य त्या दोन रात्रींत मी निरनिराळ्या तोंडांतून ऐकलं. बोलणारा प्रत्येक जण ते दिलासा म्हणून बोलत होता. मी मराठवाड्यातली बाई. पाण्याने वेढलेली जागा म्हणजे सुरक्षित जागा, हे माझ्या डोक्यात बसेना. आमच्याकडे 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत ठिकठिकाणी तळी झाली. अद्रकीला, फळबागांना त्यांनी जगवलं, ते खरंच. पण तळाशी आणि काठांना प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरलं की पट्टीचा पोहणाराही काठावर चढू शकत नाही, पाय घसरतच राहतो. हात देणारं कुणी नसेल तर खेळ संपला. म्हणून शहाणा शेतकरी कुंपण घालतो आणि गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठेवतो. ज्याने दोर सोडला नाही त्याच्याविषयी गाव बरं बोलत नाही. खेड्यातली पोरं मोकळी वाढतात, निसर्गाच्या कुशीत वाढतात, असलं जे शहरातले लोक लिहितात ते वाचताना मला नेहमी हा दोर आठवतो.

निघण्याआधी सगळ्यांना आपापल्या ठरलेल्या जागी जमवून आपत्कालीन कवायत झाली. सात छोटे भोंगे आणि एक लांब, असा इशारा ऐकू आला की जीवरक्षक जॅकेट घेऊन तिथे यायचं. पूर्वी ही कवायत जहाज सुटल्यावर चोवीस तासांत केली तरी चालायची. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आदळून कलंडलं. 32 माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायची होती. त्यानंतर नियम बदलला आणि आता सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या ती घ्यावीच लागते.

आमच्या कवायतीत काय झालं? जॅकेटला एक शिट्टी असते, अंधारात पाण्यात पडलात तर वाजवण्यासाठी. ती पोरांना सापडली. एकाने वाजवली, मग पन्नास जणांनी. माइकवरची सूचना कुणालाच ऐकू येईना. आयांनी व्हिडिओ काढले. बाप कामाच्या फोनवर होते. लहान मुलांच्या मनगटाला जमण्याच्या जागेचा क्रमांक लिहिलेली पट्टी बांधतात, म्हणजे चुकलेलं पोर कुणालाही सापडलं तरी त्याला कुठे न्यायचं ते कळतं. आमच्या समोरच्या मुलीने ती दाताने तोडली. तिची आई हसत म्हणाली, "तिला हाताला काही बांधलेलं आवडतच नाही." शाळेत असते तर मी काय केलं असतं ते सांगत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यापासून शिक्षकाचा हात बांधलेला आहे आणि तो बांधला हे योग्यच झालं. पण तोंड बांधलेलं नव्हतं. मी दोन बोटं ओठांवर ठेवून त्या शिट्टीवाल्यांकडे नुसतं पाहिलं. सात-आठ शिट्ट्या थांबल्या. बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

संध्याकाळी जहाज सुटलं. मुंबईचे मनोरे मागे पडले, डावीकडे अलिबागचा किनारा पुसट व्हायला लागला. खांदेरीचा दिवा लागला. हे दीपगृह 1867 चं, किल्ला शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये बांधायला घेतलेला. त्याच्याशेजारी सिद्दीची उंदेरी. इतिहास शिकवताना फळ्यावर खडूने काढलेली ही दोन टिंबं प्रत्यक्षात एकमेकांच्या इतकी जवळ असतील, असं वाटलं नव्हतं. दोन शत्रू एकमेकांचा स्वयंपाकाचा धूर बघत जगले असतील.

कठड्याशी मूळच्या दाभोळच्या एक आजी बसल्या होत्या. लहानपणी त्या भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने जायच्या. बोट बंदराला लागायची नाही, भर पाण्यात पडावात उतरावं लागायचं. "माझी आई पदराची गाठ माझ्या झग्याला मारायची. धक्का सुटला की मारलेली गाठ घराच्या पायरीवर सुटायची." त्यांच्या आईच्या मनात 'रामदास' असणार. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट याच पाण्यात, काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. आजी त्या गाठीची गोष्ट सांगत असताना त्यांचा स्वतःचा पणतू आरामखुर्ची ओढत कठड्याकडे आणत होता. कठडा माझ्या भाचीच्या हनुवटीला लागत होता. आंतरराष्ट्रीय नियमाने तो किमान एक मीटर लागतो, अमेरिकेच्या 2010 च्या कायद्याने 42 इंच. इंच मोजणाऱ्यांनी खुर्ची धरलेली नाही. आजींनी बसल्या जागेवरून काठी पुढे करून खुर्चीचा पाय अडवला. बोलणं थांबवलंसुद्धा नाही.

जहाजावरच्या खाण्याचं वर्णन बरेच जण करतात, मी थोडक्यात आटोपते: भरपूर होतं, जैनही होतं, आणि निम्मं ताटांत राहिलं. पोरं आइस्क्रीमच्या यंत्राखाली तोंड धरत होती. लिफ्टमध्ये तीन मुलांनी सगळ्या मजल्यांची बटणं दाबून ठेवली होती, त्यामुळे चाकाच्या खुर्चीतल्या एका आजोबांना प्रत्येक मजल्याचं दर्शन घडलं. तरणतलावाशी जीवरक्षक दिसेना, पाटी होती. अनेक जहाजांवर असंच असतं. जबाबदारी पालकांची, असं पाटी सांगते आणि पालक तेव्हा बुफेच्या रांगेत असतात.

रात्री एक वाजून गेल्यावर आमच्या बोळात धावण्याचा आवाज झाला. दारावर थाप, मग पळ, मग खिदळणं. पुन्हा पुढच्या दारावर थाप. मी दार उघडलं. तेरा-चौदा ते सोळा वर्षांची पाच-सहा पोरं. "कोण रे ते? उभा राहा तिथं!" हा आवाज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत कमावलेला आहे, त्याला माइक लागत नाही. सगळी जागच्या जागी थिजली. मी म्हटलं, नावं सांगा. दोघांनी आडनावासकट सांगितली, एवढं शाळेचं वळण अजून शिल्लक होतं. तेवढ्यात पलीकडचं दार उघडून एक बाई बाहेर आल्या. "एक्स्क्यूज मी, आमच्या मुलाला बोलणाऱ्या तुम्ही कोण?"

मला उत्तर सुचलं नाही. हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. पिशोरात एखाद्याच्या पोराला रस्त्यात दटावलं तर संध्याकाळी बाप घरी येतो, पण "बाई, अजून दोन ठेवून द्यायच्या होत्या" हे सांगायला. याचे तोटेही मी पाहिलेत. त्या हक्काने कुणीही कुणाच्याही पोरीच्या ओढणीवर आणि मोबाइलवर बोलतं, आणि तिथे मी पोरीच्या बाजूने भांडलेलीही आहे. पण रात्री एक वाजता बोळात सहा पोरं धावत असतील तर त्यांना ओळखणारं कुणीतरी एक गावात निघतंच. इथे दीड-दोन हजार माणसं एका छपराखाली होती आणि कुणाला कुणाचं नाव माहीत नव्हतं.

सिक्युरिटीचा मुलगा आला. बाई आत गेल्या, पोरं पांगली. तो सिंधुदुर्गातला निघाला. "काकू, आम्हाला ओरडूची परवानगी नाय. 'प्लीज सर' म्हणायचा." चौदा वर्षांच्या पोराला सर! काही मोठ्या परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर अठराच्या आतल्या मुलांना पालक सोबत नसतील तर रात्री एकनंतर सार्वजनिक जागी फिरता येत नाही. त्याने तसल्या जहाजावर काम केलेलं. "तिथे पण पळतत," तो म्हणाला. "फक्त तिथे आम्ही आयशीबापाशीक फोन लावू शकतो."

गोव्याबद्दल मी लिहीत नाही. मुरगाव बंदर, बस, चर्च, मंगेशी, काजू, परत.

परतीच्या संध्याकाळी भाचा आणि रात्रीचेच तीन गडी डेकवर रील काढत होते. एक जण कठड्याच्या खालच्या आडव्या दांडीवर चढून हात पसरून उभा, टायटॅनिकमधल्यासारखा. मी जवळ गेले. या वेळी ओरडले नाही, कारण दचकला असता. मागून त्याच्या पट्ट्याला हात घातला आणि त्याला खाली उतरवलं. मग चौघांना बाकावर बसवून डहाणूची गोष्ट सांगितली. 13 जानेवारी 2018, मकरसंक्रांतीचा आदला दिवस. कॉलेजची चाळीसेक मुलं-मुली एका होडीत. सेल्फीसाठी सगळी एका बाजूला सरकली, होडी उलटली, तीन मुली गेल्या. किनारा दिसत होता तिथून. त्यांच्याच वयाच्या होत्या. भाचा म्हणाला, "आत्या, पण हे जहाज मोठं आहे, उलटत नाही." बरोबरच होतं त्याचं. मग मी त्याला जून 2025 मधली बातमी सांगितली. बहामाहून फ्लोरिडाला परतणाऱ्या डिस्नीच्या जहाजावरून एक लहान मुलगी समुद्रात पडली, तिच्या मागोमाग बापाने उडी टाकली. जहाज उलटलं नव्हतं. दोघं वाचली, पण त्यांना सोडून पुढे गेलेलं ते धूड थांबवून मागे होडी पाठवेपर्यंत बाप लेकीला धरून पाण्यावर तरंगत होता.

ज्याचा पट्टा धरला होता त्या पोराने मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि माझ्यापुढे धरलं. ऑक्टोबर 2018 मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' जहाजाच्या उद्घाटनात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या पत्नी पोलीस विनवत असताना पुढच्या टोकाला जाऊन सेल्फी घेत होत्या, तो व्हिडिओ. "आणि या?" त्याने विचारलं. मी म्हटलं, त्यांनी नंतर जाहीर माफी मागितली होती. तो म्हणाला, "मग मीपण मागतो." चौघेही हसले. मीही हसले, काय करणार.

"खरं सांगू आत्या?" भाचा म्हणाला. "मुलांच्या क्लबमध्ये बारापर्यंतच घेतात. कॅसिनोत आम्हाला सोडत नाहीत. नाचायच्या हॉलमध्ये दारू असते म्हणून तिथेही नाही. खोलीत पप्पा झोपतात नाहीतर कॉल घेतात. मग आम्ही जायचं कुठे?"

अकरा मजल्यांच्या त्या जहाजाचा नकाशा मी मनात चाळून पाहिला. पोराचं म्हणणं खोडता येईना. पाच वर्षांच्यांसाठी चेंडूंचा हौद होता, पंचवीसच्या पुढच्यांसाठी सगळंच होतं. मधल्यांसाठी बोळ आणि लिफ्ट.

भावजयीच्या पर्समध्ये पत्ते असतात, हे मला ठाऊक होतं. रात्री जेवणानंतर सातव्या मजल्यावरच्या एका रिकाम्या टेबलाशी मी चौघांपैकी तिघांना बसवलं, चौथा पाण्याच्या बाटल्या आणायला आणि गुण मांडायला. मेंढीकोट त्यांच्यापैकी एकालाच येत होता, तोही आजोळी शिकलेला. पहिल्या दोन डावांत हुकूम म्हणजे काय यावरच भांडणं झाली. तिसऱ्यात पोरं चोरून पानं बघायला शिकली. बोळातल्या त्या बाई एकदा येऊन दुरूनच बघून गेल्या. त्यांचा मुलगा माझा भिडू होता, त्याने वर पाहिलं नाही. साडेबारा वाजले असतील. तीन मेंढ्या, म्हणजे दश्श्या, आमच्याकडे होत्या, चौथी आली की कोट, ती शेजारच्याच्या हातात आहे हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलेलं, आणि माझ्या भिडूने नेमका हुकमाचा एक्का टेबलावर आपटला. मी ओरडले. पोरं माझ्याहून मोठ्याने ओरडली.

सिंधुदुर्गातला मुलगा धावत आला. चौघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काकू, प्लीज," तो म्हणाला, "लोक झोपलेत."

"दोन मिनिटं थांब," मी म्हटलं, "कोट लागतोय."