चौदा पुस्तकं आणि न संपणारं भांडण

तुमच्या ओळखीत असा एक तरी प्राणी असणारच. त्याच्यासमोर नुसतं 'द व्हील ऑफ टाईम' म्हणायचं, की पुढचा दीड तास गेला म्हणून समजा. आधी डोळे मिटून म्हणणार, "यार, काय सिरीज आहे!" आणि चहा यायच्या आत शिव्या सुरू. कुठे ताणलंय, कुठे पाणी घातलंय, कोण किती वेळा वेणी ओढतं... आपण म्हणावं, अरे एवढं वाईट आहे तर वाचलंस कशाला? त्यावर तो असा काही बघतो, जणू आपण त्याच्या घरच्यांबद्दल बोललोय!

आमच्याकडचा हा प्राणी म्हणजे दादा, माझा मामेभाऊ. वय पंचेचाळीस, आयटीत मोठ्या पोस्टवर, दोन मुलांचा बाप. आणि गेली कित्येक वर्षं एका अमेरिकन लेखकावर रुसलेला.

ज्यांनी हे नावच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (थोडक्यात हा शब्द या सिरीजच्या बाबतीत जरा विनोदीच आहे, पण असो.) रॉबर्ट जॉर्डन हे टोपणनाव. खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी ज्युनियर. अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलिनामधल्या चार्ल्सटनचा माणूस, व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरवर गनर होता. 'द आय ऑफ द वर्ल्ड' हे पहिलं पुस्तक आलं १९९० मध्ये आणि शेवटचं 'अ मेमरी ऑफ लाईट' २०१३ मध्ये. मुख्य पुस्तकं चौदा, शिवाय आधीची गोष्ट सांगणारं एक छोटं. एकूण दहा हजारांहून जास्त पानं आणि शब्द चाळीस लाखांच्या वर! 'चार दिवस सासूचे' २००१ ला सुरू होऊन २०१३ ला संपली, तेव्हा आपण हुश्श केलं होतं ना? इथे तेवीस वर्षं.

गोष्ट रँड नावाच्या मेंढपाळ पोराची. काळ म्हणजे एक चाक, सात युगं फिरून फिरून येतात, माणसं पुन्हा पुन्हा जन्म घेतात. मागच्या युगात जग वाचवणारा आणि उद्ध्वस्तही करणारा 'ड्रॅगन' आता रँडच्या रूपाने परत आलाय. दादाने एकदा जेवताना हे सगळं मामीला समजावून सांगितलं. मामी भाकरी थापताथापता म्हणाली, "म्हणजे अवतारच की! यात नवीन काय?" खरंच, आपल्याकडच्या वाचकाला ही सिरीज पहिल्या पन्नास पानांत ओळखीची वाटते ती यामुळेच.

फाईल सापडत नाही!

पहिल्या पाच-सहा पुस्तकांबद्दल फारसं कुणाचं भांडण नाही. चौथ्या पुस्तकात रँड वाळवंटातल्या रुईडियन या शहरात काचेच्या खांबांमधून चालत जातो आणि एकेका पावलाला आपल्या पूर्वजांचं आयुष्य उलट क्रमाने जगतो. नातू आधी, आजोबा नंतर, पणजोबा त्याहून नंतर. हा भाग न आवडलेला वाचक मला अजून भेटायचाय.

गाडी घसरते ती पुढे. साधारण आठव्या पुस्तकापासून दहाव्यापर्यंतच्या पट्ट्याला जगभरचे वाचक 'द स्लॉग' म्हणतात. आपल्या भाषेत रखडपट्टी. सातव्याच्या शेवटी मॅट या सगळ्यांच्या लाडक्या हीरोवर भिंत कोसळते आणि आठव्या पुस्तकात तो चक्क नाहीच! जिवंत आहे का मेला, काही पत्ता नाही. त्याच आठव्याच्या शेवटी पेरिनच्या बायकोला शत्रू पळवून नेतात. तिची सुटका होते अकराव्यात. म्हणजे १९९८ मध्ये पळवलेली बायको २००५ मध्ये परत! त्यातून तिच्या नावाचा उच्चार आहे 'फाईल'. दादाच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये यावरून ठरलेला जोक होता, "सात वर्षं फाईल सापडत नाही म्हणजे काय, मंत्रालय आहे का हे?"

सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या त्या दहाव्या पुस्तकाने, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाईट'ने. नवव्याच्या शेवटी इतकं प्रचंड काहीतरी घडतं, की आता पुढे काय म्हणून वाचक नखं खात बसलेले. दोन वर्षांनी, २००३ मध्ये पुस्तक आलं. साडेसहाशेच्या वर पानं. आणि त्यात बराच वेळ काय, तर ते प्रचंड काहीतरी घडत होतं तेव्हा बाकीची मंडळी कुठे होती आणि त्यांना लांबून काय जाणवलं! मॅच जिंकल्यावर पुढची मॅच दाखवायची सोडून स्टेडियमबाहेरच्या प्रत्येक माणसाची प्रतिक्रिया दाखवावी, तसं.

मी ही सिरीज वाचली २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, किंडलवर, आठ महिन्यांत सलग. दहावं पुस्तक मला अजिबात भयंकर वाटलं नाही. थोडं संथ आहे, बस. नऊ दिवसांत संपवलं आणि पुढचं उघडलं. हे मी दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो आधी गप्प बसला आणि मग म्हणाला, "तू नऊ दिवस वाचलंस गं. मी पाच वर्षं वाचलं."

हिशोब बरोबर आहे त्याचा. नववं पुस्तक २००० चं आणि अकरावं २००५ चं. मधली पाच वर्षं त्याच्याकडे हातात तेवढं एकच पुस्तक होतं. त्या पाच वर्षांत त्याची डिग्री झाली, पहिली नोकरी लागली, पहिलं प्रेम जमलं आणि मोडलंसुद्धा. आणि गोष्ट एका दिवसाच्याही पुढे सरकायला तयार नव्हती.

मला वाटतं, लांबलचक सिरीजबद्दलची मतं ऐकताना हेच आधी विचारायला हवं. तू वाट बघितलीस, की सलग वाचलंस? दोघांच्या हातातलं पुस्तक तेच असतं, पण वाचलेली गोष्ट वेगळी. पाचव्या पुस्तकाच्या शेवटी, १९९३ मध्ये, अस्मोडियन नावाच्या एका पात्राचा खून होतो. खुनी कोण, ते सांगितलेलंच नाही! लोकांनी यावर अक्षरशः खटले चालवल्यासारखे पुरावे मांडले. उत्तर मिळालं २०१० मध्ये, तेराव्या पुस्तकाच्या मागच्या शब्दसूचीत. सतरा वर्षांनी, आणि तेही शब्दसूचीत! मला हे कोडं आठवणीत ठेवायला काही महिने लागले. दादाच्या मित्रांनी त्यावर सतरा वर्षं पैजा लावल्या. सांगा, मजा कुणाला जास्त आली?

वेणी, शाल आणि मावश्या

दुसरं हमखास भांडण बायकांवरून. या जगात जादूची शक्ती सुरक्षितपणे वापरू शकतात त्या फक्त बायका. पुरुषांच्या वाट्याची शक्ती विटाळलेली, ती वापरणारा पुरुष वेडा होणार हे नक्की. त्यामुळे राजे-महाराजे ज्यांच्यासमोर चळाचळा कापतात त्या 'एस सेडाई' सगळ्या बायकाच. १९९० मध्ये हे लिहिणं साधी गोष्ट नव्हती.

पण इथेच वाचकांचे दोन तट पडतात. माझी एक मैत्रीण वैतागून म्हणते, "एवढ्या बायका लिहिल्या, पण सगळ्या एकसारख्या! ती नायनीव्ह सारखी वेणी ओढते, बाकीच्या स्कर्ट नीट करतात आणि नाक उडवतात. वर हीरोला एक नाही, दोन नाही, तीन प्रेयसी आणि तिघींची एकमेकींना संमती. हे कुणाचं स्वप्न आहे, सांग ना!" मुद्दा बिनतोड आहे. दुसरी मैत्रीण म्हणते, "माझ्या आजोळी ये. पाच मावश्या, प्रत्येकीला वाटतं घर आपल्यामुळे चाललंय आणि प्रत्येकीला वाटतं बाकीच्या चारजणी बावळट आहेत. जॉर्डनने माझ्या मावश्याच लिहिल्यात." मी दोघींशीही सहमत आहे. (पत्रकार असल्याचा तोटा!)

दुसऱ्याच्या हातचं

आता मुद्द्याचं. २००६ मध्ये जॉर्डनने वाचकांना कळवलं, की त्याला अमायलॉयडोसिस हा दुर्मिळ आजार झालाय. हृदयापर्यंत पोचलेला. तरी तो लिहीत राहिला. लिहिणं झेपेना तेव्हा शेवटाकडची गोष्ट घरच्यांना सांगून ठेवली, टेप करून ठेवली. १६ सप्टेंबर २००७ ला तो गेला. शेवटचं पुस्तक अर्धवट.

तेव्हा दादा सत्तावीस वर्षांचा होता. म्हणजे साधारण माझ्या आजच्या वयाचा. तो सांगतो, त्या दिवशी ऑफिसात कुणाला काय सांगावं हेच कळेना. ज्या माणसाला कधी भेटलो नाही, ज्याला चार वर्षं नुसत्या शिव्या घातल्या, तो गेला म्हणून सुट्टी कशी मागायची?

पुढची जबाबदारी आली हॅरिएट मॅकडूगल यांच्यावर. त्या जॉर्डनच्या पत्नी आणि पहिल्या पुस्तकापासूनच्या संपादकही. ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाने जॉर्डनवर लिहिलेला श्रद्धांजलीपर लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्यांनी त्याला विचारलं. सँडरसन स्वतः शाळेपासून ही सिरीज वाचत वाढलेला. एका पुस्तकाचा ऐवज तीन पुस्तकांत गेला आणि २००९, २०१० आणि २०१३ अशी ती आली.

यावर तर अजून रणधुमाळी चालू आहे. एक पार्टी म्हणते, सँडरसनने रखडलेली गाडी पळवली, नाहीतर काही खरं नव्हतं. दुसरी म्हणते, वेग आला पण चव गेली. मॅट हा मॅट वाटतच नाही, त्याचे विनोद ओढूनताणून आणलेले वाटतात. मॅट आपल्याला सुरुवातीला नीट जमला नाही, हे सँडरसननेही मोकळेपणाने मान्य केलंय. माझं मत विचाराल तर, आई आजारी असताना मावशी येऊन स्वयंपाक करते तसं आहे हे. आमटी वेगळी लागते. पण घर उपाशी राहत नाही. आणि ती आमटी करणारा इथे परका नव्हता, तोही वाट बघणाऱ्यांच्या रांगेतलाच होता.

दादाला हे पटत नाही. त्याने बाराव्यापासूनची तिन्ही पुस्तकं विकत घेतलीत. वाचली एकही नाही. टीव्हीवरची सिरियल मात्र त्याने नाक मुरडत पूर्ण पाहिली. प्राईम व्हिडिओवर २०२१ ला सुरू झाली, पहिल्या सीझनला पुस्तकवाल्यांनी धू धू धुतलं, तिसऱ्यात रुईडियनचा भाग बघून तेच लोक हळवे झाले आणि २०२५ च्या मे महिन्यात ती बंद पडली. तीही अर्धवटच!

मध्यंतरी मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. म्हटलं, दादा, सिरीजचा अगदी शेवटचा प्रसंग जॉर्डनने स्वतः लिहून ठेवला होता. तेवढ्यासाठी तरी वाच. तो म्हणाला, "माहितीये मला. म्हणून तर वाचत नाही. त्याने लिहिलेलं आणि मी न वाचलेलं तेवढंच उरलंय."

यावर काय बोलणार? माझ्या मते गोष्ट संपवावी, कारण संपल्यावरच ती पूर्ण दिसते, आणि शेवट गाठल्यावर मला दहावं पुस्तकसुद्धा जास्त आवडायला लागलं. त्याच्या मते काही माणसांशी भांडण मिटवायचं नसतं, मिटलं की ती जातात. आम्ही दर दिवाळीत यावर तासभर तावातावाने बोलतो. मामी चकलीचं ताट समोर ठेवते आणि विचारते, "अजून संपलं नाही का तुमचं ते चाक?"