गवताच्या कणाचं वय

मोठ्या गायीच्या कोटीपोटात, म्हणजे तिच्या चार पोटांपैकी पहिल्या पोटात, शंभर लिटरच्या आसपास ऐवज मावतो. तिथे पोहोचलेल्या वैरणीच्या प्रत्येक कणापुढे दोनच वाटा असतात. एक तर जंतूंनी त्याला पचवायचं, नाही तर त्याने न पचताच पुढे सरकायचं. म्हणून खाद्याच्या रासायनिक पृथक्करणाइतकंच कणाच्या मुक्कामाचं गणितही महत्त्वाचं आहे, आणि त्याकडे आपलं फार कमी लक्ष जातं, असं माझं ठाम मत आहे.

समजा, तंतुमय भाग तासाला 6 टक्के दराने पचतो आणि 3 टक्के दराने पुढे सरकतो. मग नऊ भागांतले सहा, म्हणजे 67 टक्के, कोटीपोटातच पचतात. सरकण्याचा दर 5 टक्के झाला की तोच आकडा 55 वर येतो. चारा तोच, गाय तीच. न पचणाऱ्या कणाचा सरासरी मुक्काम तेवढा 33 तासांवरून 20 तासांवर आलेला असतो.

हा मुक्काम मोजण्यासाठी केनेथ ब्लॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर केलेले प्रयोग 1956 साली प्रसिद्ध झाले. पद्धत किचकट. रंगवलेल्या गवताचा मोजका हिस्सा खाऊ घालायचा, मग ठरावीक वेळाने लेंड्या गोळा करायच्या आणि त्यांतले रंगीत कण मोजायचे. सुरुवातीचे काही तास काहीच दिसत नाही. मग संख्या झपाट्याने चढते, शिखर गाठते आणि कित्येक दिवस हळूहळू ओसरत राहते. दळलेलं गवत लांब गवतापेक्षा लवकर बाहेर पडलं आणि कमी पचलं.

ब्लॅक्स्टर यांनी या वक्राला दोन टाक्यांचं प्रतिमान बसवलं. एक टाकी सावकाश रिकामी होते, दुसरी भराभर, आणि उरलेला वेळ नुसत्या वाहतुकीचा. सावकाश टाकी म्हणजे कोटीपोट आणि त्याला लागून असलेलं दुसरं पोट, जाळीपोट. दुसरी कोणती? ब्लॅक्स्टर यांना ते चौथं पोट वाटलं होतं. 1973 मध्ये ग्रोव्हम आणि विल्यम्स यांनी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाकडे बोट दाखवलं.

पण टाकी म्हटलं की एक गृहीतक आपोआप येतं: आतलं सगळं नीट ढवळलेलं आहे, आणि आत्ता गिळलेल्या कणालाही कालच्या कणाइतकीच बाहेर पडायची संधी आहे. कोटीपोटात तसं घडत नाही. ताज्या काडीच्या पोकळ्यांत हवा असते, त्यात जंतूंनी तयार केलेला वायू भरतो. काडी वरच्या जाड थरात तरंगत राहते. रवंथ करताना ती पुन्हा तोंडात येते, चिरडली जाते, भिजते, जड होते आणि तळाकडे जाते. मेंढ्यांत 1.18 मिलिमीटरच्या चाळणीवर अडकणारे कण फारसे पुढे जात नाहीत. तिसऱ्या पोटाकडे, पडदेपोटाकडे, जाणारं तोंड मात्र त्याहून कितीतरी रुंद असतं! म्हणजे कणाला अडवणारं भोक लहान नसतं. त्याला त्याचा हलकेपणा आणि वरचा थर अडवतो.

थोडक्यात, कण जितका मुरलेला तितकी त्याची सुटका जवळ. मॅटिस यांनी 1972 मध्ये नेमकं हेच गणितात आणलं: बाहेर पडण्याची शक्यता स्थिर न धरता कणाच्या तिथल्या वयाबरोबर वाढती धरली. एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत पुढे गुरांवर वापरली. माझ्या दृष्टीने या विषयातलं सर्वांत मोलाचं पाऊल ते, कारण तिथे समीकरण प्रथमच काडीच्या खऱ्या प्रवासासारखं दिसू लागलं.

आपल्याकडच्या गोठ्यात याचा उपयोग रोजचा आहे. कडबाकुट्टीने इंच-दीड इंचाचे तुकडे केले की वैरण वाया जात नाही, जनावर काड्या निवडून टाकत नाही. पण 1.18 मिलिमीटरच्या हिशेबात ते तुकडे अजून प्रचंडच, आणि रवंथाचं काम बरंचसं उरतंच. तोच कडबा पिठासारखा दळला तर रवंथ घटतो, लाळ कमी सुटते आणि कण अर्धवट पचून निघून जातात. युरिया प्रक्रिया वेगळ्या टोकाने काम करते. तिने पचनाचा दर वाढतो, काडी लवकर ठिसूळ होते, पोटात जागा होते आणि जनावर जास्त खातं. थंड देशांतल्या गवतावर, मेंढ्यांवर मोजलेले दर ज्वारीच्या कडब्यावरच्या म्हशीला जसेच्या तसे लावून चालणार नाहीत. ते तिच्याच शेणातून मोजायला हवेत.