‘सर्वात वाईट आम्हीच!’

नोव्हेंबर १९८१. शिकागोला लागून असलेल्या इव्हॅन्स्टन गावात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ मिशिगन स्टेटकडून ६१-१४ असा हरला. हा त्यांचा सलग २९वा पराभव, म्हणजे तेव्हाचा विक्रमच. सामना संपताच विद्यार्थी मैदानात घुसले, गोलपोस्ट उखडले आणि ‘सर्वात वाईट आम्हीच’ असा जल्लोष केला.

संघाचं खरं दुखणं या जल्लोषात होतं. हरण्याची लाज उरली नव्हती. विद्यापीठ खासगी, अभ्यासात नावाजलेलं. संघ ज्या बिग टेन गटात खेळायचा, तिथली बाकीची सगळी तेव्हा अवाढव्य सार्वजनिक विद्यापीठं. आपली मुलं हुशार आहेत, मैदानात हरली तर बिघडलं कुठं, हे समाधान कायम हाताशी. १९७६ ते १९८१ या सहा हंगामांत तीन विजय, ६२ पराभव, एक बरोबरी. सलग पराभवांची मालिका ३४वर १९८२मध्ये थांबली, तरी १९७१ नंतर एकाही हंगामात पराभवांपेक्षा विजय जास्त झाले नव्हते.

गॅरी बार्नेट १९९२मध्ये प्रशिक्षक झाले आणि संघाला पासाडेनाला, म्हणजे गटविजेता खेळायचा त्या रोझ बोल या मानाच्या सामन्याला, नेण्याचा शब्द त्यांनी जाहीरपणे दिला. पहिल्या तीन हंगामांत मिळून विजय आठच. अशा वेळी शब्द गिळायला किती निमित्तं असतात! त्यांनी तो गिळला नाही.

२ सप्टेंबर १९९५ला बलाढ्य नॉटर डेमशी त्यांच्याच मैदानावर गाठ होती. सामन्याआधी बार्नेटनी खेळाडूंना बजावलं: जिंकल्यावर मला खांद्यावर घेऊ नका, जिंकण्याची सवय असल्यासारखे वागा. संघ १७-१५ असा जिंकला. त्या हंगामातला कुठलाही डावपेच या एका सूचनेइतका मोलाचा नसावा. पराभवाचा उत्सव करणाऱ्या मैदानाला विजय साधेपणानं घ्यायला शिकवणं, हे काम जास्त अवघड होतं.

पण जुनी खोड एका सामन्यात जात नाही. पुढच्याच सामन्यात ओहायोच्या मायामी विद्यापीठाविरुद्ध २८-७ अशी आघाडी घेऊन ते ३०-२८ असे हरले. संघाची परीक्षा खरी इथं झाली. पूर्वी अशी एक हार पुढचा अख्खा हंगाम खाऊन टाकायची. या वेळी तसं झालं नाही. मिशिगनला त्यांच्याच मैदानावर १९-१३ असं हरवलं. तिथला १९५९ नंतरचा पहिला विजय. मग पेन स्टेट, आयोवा. आयोवाच्या सामन्यात बचावफळीचा आधारस्तंभ पॅट फिट्झगेराल्डचा पाय मोडला, तरी विजय थांबले नाहीत.

गटातले आठही सामने जिंकूनही रोझ बोलची वाट मोकळी झाली ती मिशिगननं गटात तोवर अपराजित असलेल्या ओहायो स्टेटला हरवलं तेव्हा. १९४९ नंतर प्रथमच नॉर्थवेस्टर्न पासाडेनात उतरला. तिथं मोठी पिछाडी भरून काढत ३२-३१ अशी आघाडीही मिळाली, पण अखेर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठानं ४१-३२ अशी बाजी मारली. पुढच्या हंगामात नॉर्थवेस्टर्ननं बिग टेनचं विजेतेपद ओहायो स्टेटसोबत पुन्हा मिळवलं.