नजर

मागच्या श्रावणात वडिलांचा अर्धपुतळा पाहण्यासाठी आईला घेऊन एका शिल्पकाराच्या कारखान्यात गेलो होतो. वडील ज्या शाळेत तीस वर्षे शिक्षक होते, तिच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून हा पुतळा करावयास घेतला आहे. मातीतले काम पूर्ण झाले होते. घरच्यांनी पसंती दिली की प्लास्टरचा साचा घेणार आणि पुढे ब्राँझचे ओतकाम. कोल्हापुरात पुतळा हा काही अप्रूपाचा विषय नव्हे. चौकाचौकांत आपण पुतळ्यांच्याच नजरेखाली वाहने हाकत असतो. पण आपल्या घरातले माणूस ओल्या मातीत समोर उभे राहिले की गोष्ट वेगळी होते.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग पदराने हात पुसत म्हणाली, "नाक त्यांचंच आहे की. पण बघाय कुठं लागलेत हे?"

शिल्पकार अनुभवी. त्यांनी वाद घातला नाही. पुतळ्यावर ओले फडके टाकले आणि म्हणाले, "आठ दिवसांनी या."

त्या आठ दिवसांत मी जे वाचले, त्याचा वडिलांशी वरवर काहीच संबंध नव्हता. अठराव्या शतकातील युरोपीय प्रबोधन शिकवताना मी वर्षानुवर्षे व्हॉल्तेअरचे एक चित्र विद्यार्थ्यांना दाखवत आलो आहे : खुर्चीच्या हातांवर बोटे रोवून पुढे झुकलेला, दात गेलेला, तरी मिश्कील असा म्हातारा. ते मुळात चित्र नाही, शिल्प आहे. १७८१ मधले, आणि ते पॅरिसच्या कोमेदी-फ्रान्सेझ या नाट्यसंस्थेकडे आहे, एवढे मी सांगत असे. शिल्पकाराचे नाव मात्र मी वर्गात कधी घेतले नाही. साहित्याच्या शिक्षकांचा हा जुना दोष आहे. आपल्याला चेहरा लेखकाचा वाटतो; तो घडवणारा कोणी असतो हे सुचत नाही.

त्याचे नाव झां-आंत्वान ऊदों. जन्म १७४१, व्हर्साय. मृत्यू १८२८, पॅरिस. विशीत रोमला जाण्याची शिष्यवृत्ती मिळवली, आणि तिथे १७६७ मध्ये त्वचा सोललेल्या मनुष्याकृतीचे ते शिल्प केले, ज्यावरून पुढे युरोपातल्या कलाशाळांत पिढ्यानपिढ्या विद्यार्थी स्नायू शिकले. आधी कातडीखालचे पाहून घेतले, मग चेहऱ्यांकडे वळला. व्हॉल्तेअर, रूसो, दिदरो, फ्रँकलिन, जेफरसन : त्या शतकाची बुद्धी आज आपल्याला ज्या मुद्रेने आठवते ती पुष्कळ अंशी ऊदोंच्या हातची आहे. १७८५ मध्ये तो समुद्र ओलांडून जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरी गेला, त्याच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला, शरीराची मापे घेतली. वॉशिंग्टनचा कल रोमन वस्त्रांपेक्षा आपल्या काळाच्या पोशाखाकडे होता. रिचमंडमधला पुतळा तसाच, लष्करी गणवेशातला आहे.

पण मला अडकवले ते त्याच्या डोळ्यांनी. नवअभिजात शिल्पकार प्राचीनांच्या आदर्शापायी डोळा पुष्कळदा कोरा, गुळगुळीत ठेवत. (प्राचीनांचे पुतळे मुळात रंगवलेले होते आणि रंग उडाल्यामुळे ते पांढरे झाले, हे पुढे कळले. एका गैरसमजातूनही केवढी मोठी शैली जन्मते!) ऊदों बुबुळाच्या जागी दगड पोखरत असे; मधली बाहुली खोल, आणि त्या खोलीत संगमरवराचा एक लहानसा तुकडा तसाच सोडलेला. खोलगट भागात सावली साचते, त्या तुकड्यावर उजेड पडतो, आणि दगड पाहू लागतो. कुठे पाहतो, हे त्या कणाच्या जागेवर अवलंबून. आईचा प्रश्न नेमका हाच होता.

आणखी एक गोष्ट. जुलै १७७८ मध्ये रूसो वारला, तेव्हा ऊदोंने त्याच्या मृत चेहऱ्याचा साचा घेतला, आणि त्यावरून उघड्या डोळ्यांचा, चौकस रूसो घडवला. साच्यात नाक, कपाळ, हनुवटी मिळते. नजर मिळत नाही. ती कुठून तरी आणावी लागते.

हे वाचताना मला आमच्याच गावचा एक चेहरा आठवला. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले. परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबरला, फ्लोरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहनाची तिथे रीत नव्हती. खास परवानगी काढून, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या वेळी चिता रचली गेली. त्याच जागी १८७४ मध्ये स्मारक उभे राहिले. छत्री मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याची, आणि तिच्याखालचा अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांचा. फुलर हे इंग्रज, आधी सैन्यात अधिकारी; मग फ्लोरेन्समध्ये हायरम पॉवर्स या अमेरिकन नवअभिजात शिल्पकाराचे शिष्य झाले. पांढऱ्या संगमरवरावर निष्ठा असलेल्या परंपरेतला हा माणूस. आणि आमच्या महाराजांचा पुतळा मात्र रंगीत आहे. सावळा वर्ण, पागोटे, दागिने. मी फ्लोरेन्स पाहिलेले नाही. एका विद्यार्थिनीने छायाचित्रे पाठवली होती, ती पुन्हा काढून पाहिली. वेशाची हौस त्यात पुरेपूर आहे. मुद्रा मात्र मला आजही थोडी परकी वाटते. त्या वीस वर्षांच्या मुलाने प्रवासात इंग्रजीतून रोजनिशी लिहिली होती, ती १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. जो मुलगा इतके पाहत होता, त्याची पाहण्याची मुद्रा पुतळ्यात उतरली आहे का? माझे उत्तर, छायाचित्रांवरून का होईना, नाही असे आहे.

याच मँट यांनी कोल्हापूरचा टाउन हॉल बांधला. आज तिथे संग्रहालय आहे, आणि त्यात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती. पंचगंगेच्या काठी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारातून आलेली. विद्यार्थ्यांना 'अभिजात' ही संज्ञा समजावताना मी फळ्यावर अथेन्स लिहितो. वास्तविक त्यांना बसने टाउन हॉलला न्यायला हवे.

ठरल्या दिवशी पुन्हा कारखान्यात गेलो. जाताना शिवाजी चौकात, बाबूराव पेंटरांनी घडवलेल्या महाराजांच्या अर्धपुतळ्यापाशी, सिग्नलला थांबलो तेव्हा आई एकाएकी म्हणाली, "फोटोत चष्मा नव्हता." शिल्पकाराला आम्ही दिलेले छायाचित्र ओळखपत्राचे होते. त्यासाठी वडिलांना चष्मा काढायला लावला होता, आणि चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचे दिसत नसे. शिल्पकाराने जे दिसले ते प्रामाणिकपणे उतरवले होते : काहीच न दिसणारा माणूस.

हे ऐकल्यावर शिल्पकार हसले. चष्मा करता येईल, पण उघड्यावरच्या पुतळ्याचा चष्मा फार दिवस टिकत नाही, म्हणाले. मग आईला विचारले, "सर चष्म्यातून बघायचे, का वरून?"

"वरून. मान खाली घालून. शेवटच्या बाकाकडं."

त्यांनी मान किंचित पुढे झुकवली, वरच्या पापण्यांवर मातीची बारीक पट्टी चढवली, लाकडी कोरणीने बाहुल्या वर सरकवल्या. तासभर हे चालले होते. आई स्टुलावर बसून होती. मध्येच तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

समितीला आता हा बदल पुन्हा दाखवावा लागणार. त्यांच्यातल्या काहींना सर हसरे हवे आहेत.